वंगण आणि भरवसा

तेलाला आपल्या सणांत फार मान आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे ते अंगाला लागते, सांजवेळी ते पणतीत जळते आणि मधल्या वेळात कढईत चकल्या तळते. पण दारात उभ्या असलेल्या मोटारीच्या पोटात जे तेल असते, त्याची आठवण सणासुदीला कोणालाच होत नाही. दसऱ्याला आपण तिला हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. बॉनेट उघडून तेलाची काडी तेवढी ओढून पाहत नाही. ते काम मिस्त्रीचे! मिस्त्रीने ते केले की नाही, आणि केले असल्यास नवे तेल घातले की जुन्यातच भर टाकली, याचा निकाल आपण परमेश्वरावर सोपवून मोकळे होतो.

मी पेशाने शाळामास्तर आणि हौसेने कादंबरीकार. यंत्रशास्त्राची पदवी माझ्या नावापुढे नाही. खरे सांगायचे तर मॅट्रिकच्या पुढची कसलीच नाही. मग मोटारीच्या तेलाचा इतिहास सांगण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, माणसाने माणसावर भरवसा कोठवर ठेवावा हा प्रश्न यंत्रशास्त्राइतकाच कादंबरीचाही आहे. ‘आपला हात जगन्नाथ’ म्हणून पाना हातात घ्यावा, की ज्याचे काम त्याने करावे म्हणून गाडी निमूटपणे गॅरेजात सोडून यावी? हा वाद मोटारीइतकाच जुना आहे, आणि दोन्ही बाजूंनी शहाणी माणसे लढलेली आहेत.

मोटारीच्या आधी बैलगाडी होती. तिच्या आसाला वंगण लागे. एरंडेलासारखे तेल त्या कामी येई आणि वंगणाचे नळकांडे गाडीलाच टांगलेले असे. चाक कुरकुरू लागले की गाडीवान उतरे आणि स्वतःच्या हाताने वंगण घाली. त्यासाठी तो कोणाच्या दारी जात नसे. पण चाकाची धाव सैल झाली की तो लोहाराकडे जाई आणि आरा मोडला की सुताराकडे. म्हणजे रोजचे काम आपले आणि कसबाचे काम कारागिराचे, ही वाटणी ठरूनच गेलेली होती.

या वाटणीत लबाडीला वाव थोडा होता, आणि त्याचे कारण लोहाराच्या सज्जनपणात जितके होते त्याहून अधिक त्याच्या मोबदल्यात होते. नित्याच्या दुरुस्तीबद्दल त्याला कामागणिक दाम मिळत नसे. सुगीला खळ्यावर त्याच्या वाट्याचे धान्य मिळे, ते त्याचे बलुते. एकच धाव वर्षात दोनदा चढवावी लागली तर त्याची मिळकत दुप्पट होत नसे, घाम मात्र दुप्पट गळे. साहजिकच काम टिकाऊ करण्यात त्याचेच हित होते. बलुत्याची पद्धत न्यायाची होती असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. जातीच्या जोखडाखाली किती हुशार हात दबून गेले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. पण कारागिराचा प्रामाणिकपणा आणि त्याच्या मोबदल्याची रीत यांचा संबंध असतो, एवढी गोष्ट त्या पद्धतीवरून ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढच्या साऱ्या कथेची ती किल्ली आहे.

आता जर्मनीत चला. १८८८ सालचा ऑगस्ट महिना. मानहाइम गावी कार्ल बेंझ नावाच्या गृहस्थाने पेट्रोलवर चालणारी तीनचाकी गाडी बनवली होती, पण ती विकत घ्यावयास कोणी पुढे येत नव्हते. त्याची बायको बेर्था हिने एके दिवशी नवऱ्याला न सांगता दोघा मुलांना गाडीत घातले आणि शंभर किलोमीटरांहून दूर असलेल्या फोर्ट्सहाइमला, आपल्या माहेरी, ती निघाली. मोटारीने केलेला हा जगातला पहिला लांबचा प्रवास. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनी टोपीच्या टाचणीने साफ केली. विजेच्या तारेवरचे आवरण झिजले, तेथे मोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपले तेव्हा एका औषधाच्या दुकानातून डाग काढण्याचे द्रव विकत घेऊन टाकीत ओतले. पण साखळी तुटल्यावर तिने लोहार गाठला आणि ब्रेकचे लाकूड झिजल्यावर चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले.

या प्रवासाची वर्णने बाईंच्या धाडसासाठी सांगितली जातात आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यात आणखी एक शहाणपण दिसते. कोणते काम टाचणीने होईल आणि कोणत्या कामाला ऐरण लागेल, हे त्या बाईंना नेमके ठाऊक होते. लोहार काम करीत असता त्या शेजारी उभ्या होत्या. आपल्या गाडीला काय झाले आहे हे लोहाराहून त्यांनाच जास्त माहीत होते. अशा गिऱ्हाइकाला फसवणार कोण?

योगायोग पाहा. त्याच १८८८ साली आपल्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. हे गृहस्थ मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. एका शाळामास्तराने पाना हातात धरला, आणि त्यातून पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. मास्तरांना यंत्रातले काय कळते, असे म्हणणाऱ्यांना मी हा दाखला नेहमी देतो.

बेर्थाबाईंचे शहाणपण त्यांच्यामागून आलेल्या मोटारमालकांत मात्र उतरले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार ही धनिकांची चैन होती. अमेरिकेतील आणि युरोपातील श्रीमंत लोक गाडी विकत घेत आणि तिच्यासाठी शोफर ठेवीत. ‘शोफर’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटवणारा. घोड्याच्या गाडीचा सईस आणि हा शोफर यांत मालकाला प्रथम काही फरक दिसला नाही. पण सईसापेक्षा मालकाला घोडा थोडाफार तरी कळत असे. मोटार त्याला काडीइतकीही कळत नव्हती. आणि शोफरला ती कळत होती!

व्हावयाचे तेच झाले. गाडीसाठी तेल, टायर, सुटे भाग कोठून घ्यावयाचे हे शोफर ठरवू लागला आणि गॅरेजवाल्यांकडून त्यावर कमिशन घेऊ लागला. बिल जितके मोठे तितका त्याचा वाटा मोठा. ज्या गॅरेजने वाटा दिला नाही, तेथली गाडी वारंवार बिघडू लागे. रात्री मालक झोपला की शोफर मित्रमंडळींना घेऊन त्याच गाडीतून हवा खाऊन येई. अमेरिकेतील वर्तमानपत्रांत या ‘शोफरच्या प्रश्ना’वर वर्षानुवर्षे चर्चा चालली. १९१० साली न्यूयॉर्क राज्याने शोफरांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. तिकडे वाय. एम. सी. ए. या संस्थेने मोटारीच्या शाळा काढल्या आणि शोफरांच्या बरोबर काही मालकही त्यांत जाऊन शिकू लागले. कोट उतरवून, बाह्या सारून, ज्या यंत्रासाठी आपण मूठभर डॉलर मोजले त्याच्या पोटात काय आहे हे पाहू लागले. नोकराकडून फसवणूक होऊ नये म्हणून मालकाला विद्यार्थी व्हावे लागले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

याच सुमारास, १९०९ साली, अॅलिस रॅम्झी नावाची बावीस वर्षांची तरुणी न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत मोटार हाकत गेली. सोबत तिघी बायका होत्या, पण गाडी चालवता येणारी ती एकटीच. एकोणसाठ दिवसांच्या त्या प्रवासात टायर बदलणे, प्लग साफ करणे ही कामे तिने स्वतः केली. रस्त्यावर गॅरेज नसले की माणूस आपोआप शिकतो.

गरिबाच्या दारी मोटार आणली ती हेन्री फोर्डने. त्याचे ‘मॉडेल टी’ १९०८ साली निघाले आणि १९२७ साली बंद होईपर्यंत दीड कोटींच्या वर गाड्या रस्त्यावर आल्या. ही गाडी घेणारा शेतकरी शोफर कोठून ठेवणार? फोर्डने गाडीच अशी बांधली की, ज्याला नांगर दुरुस्त करता येतो त्याला तीही दुरुस्त करता यावी.

तिच्या तेलाची व्यवस्था फार गमतीची होती. आजच्यासारखी तेल मोजण्याची काडी तिला नव्हती, तेल फिरवणारा पंप नव्हता आणि ते गाळणारा फिल्टरही नव्हता. आतले चाक फिरताना तेल उडवी, तेच इंजिनभर पसरे. तेल पुरेसे आहे की नाही हे पाहण्यासाठी इंजिनाच्या खालच्या अंगाला दोन लहान तोट्या होत्या, एक वर, एक खाली. मालकाने गाडीखाली सरपटत जावे आणि तोटी उघडावी. वरच्या तोटीतून तेल आले तर ते जास्त झाले, खालच्या तोटीतून आले नाही तर कमी पडले. तेलाची पातळी दोहोंच्या मधे असली म्हणजे सारे ठीक! अंगाला माती लागल्याखेरीज हे ज्ञान होत नसे. पण ते झाले की पक्के होई, आणि दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागत नसे.

पुढे सोय वाढली. १९२३ साली दोघा अमेरिकनांनी मोटारीसाठी तेल गाळण्याचे यंत्र काढले. तोट्या गेल्या, काडी आली. तेलाच्या जाडी-पातळपणाला १९११ पासूनच तिकडच्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने आकडे देऊन ठेवले होते, ते डब्यावर छापून येऊ लागले. इंग्लंडात चार्ल्स वेकफील्ड या व्यापाऱ्याने १९०९ साली खनिज तेलात एरंडेल मिसळून नवे वंगण काढले होते आणि एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून त्याला ‘कॅस्ट्रॉल’ म्हटले होते. म्हणजे आमच्या बैलगाडीच्या नळकांड्यातले एरंडेल सूटबूट घालून मोटारीत जाऊन बसले! पण सोय वाढत गेली तसतसा मालक गाडीखालून उठला, कपडे झटकून पेट्रोल पंपाच्या बाकावर बसला आणि काम दुसरा करू लागला. दृष्टीआड सृष्टी सुरू झाली ती येथे.

या दृष्टीआडच्या सृष्टीत काय चालते, हे १९४१ साली ‘रीडर्स डायजेस्ट’ मासिकाने तपासून पाहिले. मासिकाच्या माणसांनी एका चांगल्या गाडीच्या इंजिनातील एक तार मुद्दाम सुटी केली. बॉनेट उघडताच दिसावी अशी. ती गाडी घेऊन ते अमेरिकेच्या अठ्ठेचाळीस राज्यांतून ३४७ गॅरेजांत गेले. तार जोडून देणे हे क्षणाचे काम. पण शेकडा ६३ गॅरेजांनी नको ती दुरुस्ती केली, न केलेल्या कामाचे पैसे लावले, किंवा चांगले भाग काढून नवे घातले. हे वाचून तिकडे केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना करावी. आपल्याकडे ‘विश्वास पानिपतात गेला’ असे म्हणतात. अमेरिकेचे पानिपत गॅरेजात झाले!

पण या आकड्याची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. उरलेल्या शेकडा ३७ गॅरेजांनी तार पाहिली, जोडली आणि गाडी जाऊ दिली. समोरच्या गिऱ्हाइकाला काही कळत नाही हे दिसत असूनही त्यांनी त्याला लुबाडले नाही. कोणी पाहत नसताना सरळ वागणाऱ्या त्या मेकॅनिकांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत.

शेकडा ६३ माणसे जन्मतः लबाड असतात काय? मला तसे वाटत नाही. १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी या कोड्याचा उलगडा करण्याचा प्रयत्न केला, आणि उदाहरण घेतले ते मोटारदुरुस्तीचेच. त्यांचे सांगणे सोप्या भाषेत असे: काही माल घेण्याआधी पाहून कळतो, जसे लुगडे. काही माल वापरल्यावर कळतो, जसा आंबा. पण तिसऱ्या जातीचा माल वापरून झाल्यावरही कळत नाही. वैद्याने दिलेले औषध खरोखर लागत होते काय? मिस्त्रीने बदललेला भाग खरोखर खराब होता काय? गाडी चालू लागली एवढेच आपल्याला कळते. ज्याला रोगाचे निदान करावयाचे त्यालाच औषध विकावयाचे असते, आणि औषध जितके महाग तितका त्याचा लाभ, अशा ठिकाणी भल्या माणसाचाही तोल जातो.

तेल बदलणे हे तर या तिसऱ्या जातीचे अस्सल उदाहरण. नवे तेल घातले नाही म्हणून इंजिन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. ते वर्ष-दोन वर्षे चालते आणि मग जे व्हावयाचे ते होते. तोवर मिस्त्री कोण होता हेही आठवत नाही. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, अशी मालकाची गत!

१९९२ साली कॅलिफोर्नियात हाच धडा पुन्हा मिळाला. तेथील सरकारने वेष पालटून माणसे पाठवली आणि सीअर्स या मोठ्या कंपनीच्या मोटार केंद्रांवर नको त्या दुरुस्त्या विकल्याचा आरोप ठेवला. तेथल्या नोकरांना विक्रीवर कमिशन मिळत होते. हेतुपुरस्सर फसवणूक झाली हे कंपनीने मान्य केले नाही, पण कमिशनची ती पद्धत तिने बंद केली. बलुत्याच्या लोहाराची गोष्ट मी आधी का सांगितली, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल.

या अविश्वासातून ‘आपण स्वतःच करू’ असे म्हणणारा एक पंथ निघाला. महायुद्धाने त्याला बळ दिलेच होते. इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ, जी पुढे राणी झाली, तिनेसुद्धा १९४५ साली लष्करी सेवेत मोटारदुरुस्तीचे शिक्षण घेतले होते. १९६६ साली जॉन हेन्स या इंग्रज गृहस्थाने एक गाडी पूर्ण सुटी करून, पुन्हा जोडून, पायरीपायरीची छायाचित्रे असलेली पुस्तिका काढली. पुढे त्यांची मालिकाच झाली. १९७४ साली रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाचे मोटारसायकल आणि तत्त्वज्ञान यांवरचे पुस्तक गाजले. त्यात एक प्रसंग आहे: गॅरेजातली मुले रेडिओ ऐकत, गप्पा मारीत मोटारसायकल खोलतात आणि आणखी बिघडवून ठेवतात. खरा दोष निघतो तेल पोचवणाऱ्या भागातली एक मोडकी पिन, अवघ्या पंचवीस सेंटची. लेखकाची तक्रार त्यांच्या लबाडीबद्दल नाही. काम करीत असूनही त्यांचे कामात मन नव्हते, याबद्दल आहे. आम्हा मास्तरांच्या जिवाला हे फार लागते. मन नसलेले शिकवणे आणि मन नसलेली दुरुस्ती, दोहोंचे नुकसान उशिरा कळते.

परंतु या पंथालाही आपली पापे आहेत. घरी तेल बदलणाऱ्याने काढलेले काळे तेल टाकावयाचे कोठे? हजारो लोकांनी ते गटारात, अंगणात, झाडाच्या बुडाशी ओतले. एक गॅलन जळके तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी बिघडवू शकते, असा इशारा अमेरिकेच्या पर्यावरण खात्याला द्यावा लागला. दुसरे पाप अर्धवट ज्ञानाचे. तेल काळे झाले म्हणजे वाईट झाले, ही समजूत आजही घट्ट आहे. पूर्वीच्या साध्या तेलात काजळी खाली बसून चिखल होई. १९३० नंतरच्या दशकात, प्रथम डिझेल इंजिनांसाठी, काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवणारे तेल निघाले. असे तेल काळे पडते, ते काम करीत असल्यामुळे! म्हणून मिस्त्रीने काडीवरचे काळे तेल बोटावर घेऊन ‘बघा साहेब, काय हालत झालीय’ म्हटले तर घाबरू नये, आणि घरच्या शहाण्याने तेच म्हटले तरीही घाबरू नये. रंगाहून किलोमीटरचा आकडा अधिक खरे बोलतो. तीन हजार मैलांनी तेल बदलावे असा अमेरिकेत एक काळ नियमच होता. आजच्या पुष्कळ पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांत जे आधी होईल ते, असे लिहिलेले असते.

आता आपल्या घरी येऊ. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे आपल्या रस्त्यांवर गाड्या मोजक्याच जातींच्या होत्या. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, आणि बंगालची अॅम्बॅसडर. या गाड्या साध्या होत्या. त्यांचे इंजिन बाहेरून दिसे, हाताला लागे. सुटे भाग मिळण्याची मारामार असल्यामुळे ‘बदलून टाका’ म्हणण्यापेक्षा ‘करून देतो’ म्हणणारा मिस्त्री मोठा मानला जाई. मुंबईचा टॅक्सीवाला बॉनेट उघडून उभा आहे, हातात चिंधी आहे आणि तो तेलाची काडी पुसतो आहे, हे दृश्य कित्येकांनी लहानपणी पाहिले असेल. काळ्यापिवळ्या पद्मिनी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. त्यांच्याबरोबर ते दृश्यही गेले.

भरवशाचा प्रश्न सोडवण्याचा एक निराळा मार्ग आपल्या एस. टी.ने दाखवला आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. १ जून १९४८ रोजी पहिली एस. टी. पुण्याहून अहमदनगरला गेली. तेव्हापासून आगार आणि त्यातला वर्कशॉप ही व्यवस्था चालत आली आहे. मोठ्या कामांसाठी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. आगारातल्या मेकॅनिकला महिन्याचा पगार असतो. जास्त भाग बदलले म्हणून त्याच्या खिशात जास्त पैसे पडत नाहीत. गाडी किती चालली, तिचे काय केले, हे कागदावर चढते. एस. टी.च्या खिडक्या खडखडतात हे मी प्रवासी म्हणून कबूल करतो. पण खेड्यापाड्यांतली लाखो माणसे त्या गाडीत डोळे मिटून झोपतात, ती कोणा एका मिस्त्रीला ओळखतात म्हणून नव्हे. पगार आणि नोंदवही या दोन गोष्टींवर ती झोप उभी आहे.

१९८३ साली मारुती आली आणि तिच्यामागून कंपनीची सर्व्हिस सेंटरे आली. थंड हवेची खोली, काचेपलीकडे गाडी, हातात चहाचा कप आणि शेवटी छापील बिल. मिस्त्रीशी बोलणे संपले. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याला मिळेनाशी झाली, अशी तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली. २०१४ साली आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सांगितला. प्रकरण पुढे वरच्या दरबारी गेले. परंतु गाडी विकत घेतल्यावर ती कोणाकडून दुरुस्त करून घ्यावी हा हक्क मालकाचा, हे तत्त्व तेव्हा स्पष्ट बोलले गेले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने यासाठी २०१२ सालीच कायदा केला होता.

माझ्या वर्गात गॅरेजवाल्यांची मुले आहेत. सुट्टीत ती बापाच्या हाताखाली असतात आणि शाळा उघडली की नखांतल्या काळ्या रेघांमुळे हात पाठीमागे लपवतात. त्यांतला एक मुलगा इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगतो; इतिहासाच्या तासाला मात्र तो मान वर करीत नाही. आपण मिस्त्रीला लबाड म्हणतो तेव्हा त्या मुलाला काय ऐकू येत असेल? त्याच्या बापाने दहा वेळा खरे सांगितलेले असते, ‘साहेब, अजून दोन महिने चालेल, खर्च नका करू,’ आणि ते कोणी लक्षात ठेवलेले नसते. ज्याला काम कळत नाही त्याला फसवणूक कळत नाही हे खरे. पण त्याला चांगले कामही कळत नाही, हे त्याहून खरे. अज्ञानी मालकाच्या दारी लबाड आणि प्रामाणिक दोघे एकाच भावाने विकले जातात आणि मग प्रामाणिक मनुष्य कंटाळतो.

म्हणून माझे मत असे आहे की, जमेल त्याने आयुष्यात एकदा तरी आपल्या गाडीचे तेल स्वतः बदलावे. पैसे वाचतील म्हणून नव्हे. फार वाचतही नाहीत. काम अवघड नाही. गाडी सपाट जागेवर घ्यावी. इंजिन थोडे कोमट असू द्यावे, म्हणजे तेल सुटून येते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. भक्कम टेकू हवेतच. चेंबरखालचा बोल्ट काढावा, तेल परातीत झरू द्यावे, बोल्टाला नवा वायसर घालावा. जुना फिल्टर काढून नव्याच्या रबराला तेलाचे बोट लावावे आणि तो हातानेच आवळावा. पुस्तिकेत सांगितलेल्या नंबराचे, सांगितले तेवढेच तेल ओतावे. मग काडी पुसून, बुडवून, दोन खुणांच्या मधे तेल आहे ना हे पाहावे. जुने तेल बंद डब्यात भरून, ते रीतसर गोळा करणाऱ्याकडे किंवा तशी सोय असलेल्या गॅरेजकडेच पोचवावे आणि नव्या तेलाच्या रिकाम्या डब्याला भोक पाडावे, म्हणजे त्यात दुसरे काही भरून कोणी विकणार नाही.

एवढे एकदा केले की पुढच्या वेळी खुशाल मिस्त्रीकडे जावे. मी स्वतः माझ्या जुन्या गाडीचे तेल बदलतो, पण ब्रेकला हात लावत नाही; तेथे माझा लोहार ठरलेला आहे. तो काम करतो तेव्हा मी शेजारी उभा राहतो. त्याला त्याचा राग येत नाही. उलट, काढलेला भाग तो माझ्या हातावर ठेवतो आणि झिजलेली जागा बोटाने दाखवतो. जाणत्या गिऱ्हाइकाचे चांगल्या कारागिराला ओझे वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

विजेच्या गाड्या आल्या आहेत. त्यांच्या मोटारीला इंजिनाचे तेल लागतच नाही. मग हा वाद संपला काय? मला वाटते, तो फक्त जागा बदलील. काळ्या तेलाऐवजी पडद्यावरचे आकडे येतील, आणि ते वाचणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, ही जोडी तशीच राहील. ज्याला तोटी उघडून पाहता येत नाही, त्याने निदान काय विचारावे एवढे तरी शिकलेच पाहिजे.

पाडव्याला व्यापारी नवी वही घालतो. त्याच दिवशी गाडीसाठीही एक साधी वही घालावी, असे मी वाचकांना सुचवतो. पहिल्या पानावर तारीख, किलोमीटर, तेलाचा नंबर आणि काम करणाऱ्याचे नाव. ते नाव आपले असो की मिस्त्रीचे, लिहिताना घरातल्या मुलांना शेजारी बसवावे. आणि मिस्त्रीचे असेल तर त्याला ते वाचून दाखवावे.